अमेरिकेला जाताना विम्याच्या अर्जात साखर लिहायची की नाही?

वाचकाचे पत्र: ‘मी निपाणी तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६८. पत्नीचे वय ६४. आमची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. डिसेंबरात तिचे बाळंतपण आहे, म्हणून आम्ही ५ नोव्हेंबरला जाऊन एप्रिलअखेरपर्यंत तिच्याकडे राहणार आहोत. मला ११ वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. पत्नीची ३ वर्षांपूर्वी मिरजेत अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला आहे. बेळगावच्या एका एजंटाने आम्हा दोघांसाठी ५०,००० डॉलरची प्रवास विमा पॉलिसी सुचवली आहे. मात्र अर्जात साखर, बीपी, स्टेंट यांपैकी काहीही लिहू नका, नाहीतर पॉलिसी मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. मुलगी म्हणते, विमा मी इकडूनच काढते. शेजारी म्हणतात, तिकडे इमर्जन्सीत कुणालाच परत पाठवत नाहीत, मग पैसे कशाला घालवता? आमचा इथला आरोग्य विमाही आहे, त्याची मुदत जानेवारीत संपते. आम्ही काय करावे?’

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील एका प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते चुकले तर बाकीच्या उत्तरांचा काही उपयोग राहणार नाही. अर्जात मधुमेह लिहा, रक्तदाब लिहा, काकूंचा स्टेंट लिहा, कोणत्या महिन्यात बसवला तेही लिहा. जो एजंट हे लपवायला सांगतो त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. लपवल्याने हप्ता कमी बसतो हे खरे आहे, पण दाव्याच्या वेळी जी कागदपत्रे कंपनीसमोर जातात त्यांतला पहिला कागद तुमच्याच तोंडून लिहिला गेलेला असतो. हे मी माझ्या घरात पाहिले आहे. खानापूर तालुक्यातले माझे थोरले मामा मुलाकडे टेक्सासला गेले असताना चौथ्या महिन्यात त्यांच्या छातीत दुखू लागले. रुग्णालयात दाखल करताना डॉक्टरांनी विचारले आणि मामेभावाने अगदी खरे सांगितले की, वडिलांना ८ वर्षांपासून रक्तदाब आहे आणि रोज दोन गोळ्या चालू आहेत. त्या क्षणी कोण खोटे सांगेल? वडिलांचा जीव टांगणीला लागलेला होता. पण ती ओळ दाखल करतानाच्या नोंदीत गेली, ती नोंद विमा कंपनीकडे गेली, आणि मामांच्या अर्जात त्याच प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिलेले होते. दावा नाकारला गेला. बिल मामेभावाने दोन वर्षे हप्त्याहप्त्याने फेडले. अर्ज एजंटाने भरला होता, मामांनी फक्त सही केली होती. पण सही ज्याची, विधान त्याचे, असेच कंपनी धरते.

आता तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे. ते चुकीचे नाही, अर्धे आहे. अमेरिकेत १९८६ पासून असा कायदा आहे की, रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेल्या माणसाची पैसे देण्याची ऐपत न पाहता तपासणी करावी आणि त्याची प्रकृती स्थिर करावी. पण स्थिर करावी म्हणजे फुकट करावी असे त्या कायद्यात कुठेही नाही. बिल नंतर घरी येते आणि ते रुग्णाच्या नावाने येते. तिकडच्या केंद्र सरकारच्या आरोग्य विम्याच्या संकेतस्थळावरच सांगितले आहे की, तीन दिवसांच्या रुग्णालयातील वास्तव्याचा सरासरी खर्च सुमारे ३०,००० डॉलर येतो. आपल्या पैशात हे २५ लाखांच्या वर जाते. तुमच्या आयुष्यभराच्या पेन्शनच्या हिशेबात ही रक्कम मांडून पाहा, म्हणजे शेजाऱ्यांना काय उत्तर द्यायचे ते आपोआप कळेल. एक गोष्ट मुलीलाही सांगून ठेवा: गडबडीत रुग्णालयाच्या कागदांवर सही करताना आपण हमीदार म्हणून सही करत आहोत का, हे तिने वाचून घ्यावे.

इथले कोणतेही कार्ड तिथे चालणार नाही, हेही लगेच सांगून टाकतो. कर्नाटकातले आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्ड असो किंवा महाराष्ट्र सरकारने आपल्या सीमाभागातील ८६५ गावांसाठी जाहीर केलेली महात्मा फुले जन आरोग्य योजना असो, ही दोन्ही फक्त भारतातल्या रुग्णालयांपुरती आहेत. मुलीच्या कंपनीचा विमाही सहसा पती-पत्नी आणि मुले यांच्यापुरताच असतो. आई-वडिलांना त्यात घालता येत नाही.

एजंटाने सांगितलेल्या ५०,००० डॉलरबद्दल. हा आकडा रुपयांत ४० लाखांच्या वर जातो, म्हणून आपल्याला फार मोठा वाटतो. पण वर सांगितलेल्या खर्चाच्या हिशेबाने तो रुग्णालयाच्या जेमतेम पाच दिवसांचा आहे. शिवाय हा आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो आणि तुमच्या वयाच्या माणसाला खरोखर मिळणारी रक्कम आत कुठेतरी बारीक अक्षरांत असते. भारतीय कंपन्यांच्या अनेक प्रवास पॉलिसींमध्ये ६० वर्षांवरील प्रवाशांसाठी उपमर्यादा असतात, म्हणजे खोलीच्या भाड्याला दिवसाला इतके, अतिदक्षता विभागाला इतके, शस्त्रक्रियेला इतके, तपासण्यांना इतके. पॉलिसी ५०,००० ची असली तरी एका आजारासाठी त्यातले फार थोडे हाती येऊ शकते. म्हणून एजंटाला ‘किती डॉलरची आहे?’ एवढेच विचारू नका. ‘६८ वर्षांच्या माणसाला एका आजारात जास्तीत जास्त किती मिळतील आणि हे कोणत्या पानावर लिहिले आहे?’ असे विचारा, आणि ते पान समोर उघडायला लावा. पान उघडायला तो टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजा.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमच्या दोघांच्याही बाबतीत सगळे त्यावरच अवलंबून आहे: जुन्या आजाराबद्दल पॉलिसी काय म्हणते? बहुतेक प्रवास पॉलिसी जुना आजार वगळतात. काही पॉलिसी म्हणतात की, जुन्या आजारामुळे जिवावर बेतले तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च देऊ. अमेरिकेतील कंपन्या परदेशी पाहुण्यांसाठी जे विमे काढतात त्यांतल्या काहींमध्ये जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला तीव्र झटका असे एक कलम असते. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. पूर्वसूचना न देता अचानक त्रास सुरू झाला पाहिजे, तातडीच्या उपचारांची गरज असली पाहिजे आणि २४ तासांच्या आत उपचार घेतले गेले पाहिजेत. काकूंना रात्री एकाएकी छातीत कळ आली आणि तासाभरात रुग्णालय गाठले, तर हे कलम उपयोगी पडू शकते. पण आठवडाभर जिना चढताना धाप लागत होती, मुलीला काळजी नको म्हणून त्या बोलल्या नाहीत आणि आठव्या दिवशी दाखल करावे लागले, तर कंपनी म्हणेल की हा अचानक आलेला झटका नाही, आजार हळूहळू वाढत गेला. आपल्याकडच्या बायका दुखणे अंगावर काढतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिथे ती सवय प्रकृतीला जशी महाग पडेल तशी दाव्यालाही पडेल, म्हणून काकूंना हे जाण्याआधीच समजावून सांगा.

या कलमात आणखी दोन गोष्टी पाहायच्या. एक म्हणजे त्यासाठीची रक्कम वेगळी आणि कमी असू शकते; पॉलिसी अडीच लाख डॉलरची असली तरी जुन्या आजाराच्या झटक्यासाठी ती पंचवीस हजारांवर थांबू शकते. दुसरी म्हणजे वयाची अट. ७० च्या पुढे अनेक पॉलिसींमध्ये हे कलम आक्रसते किंवा नाहीसेच होते. तुम्ही दोघेही अजून ७० च्या आत आहात, म्हणून ही दारे तुम्हाला उघडी आहेत. नेहमीची साखर तपासणी, बीपीच्या गोळ्या, हृदयरोगतज्ज्ञाची ठरावीक भेट हे मात्र कोणताही प्रवास विमा देत नाही, हे धरूनच चला. याउलट, नवा आजार किंवा नवी दुखापत यांना जुन्या आजाराची आडकाठी येत नाही. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत तिथे असणार आहात. पायऱ्यांवर गोठलेला बर्फ आपल्या माणसाच्या लक्षात येत नाही आणि मनगट किंवा खुबा मोडतो. असा खर्च चांगल्या पॉलिसीत बराचसा मिळतो.

मग विमा इथला की तिथला? तिथल्या पाहुण्यांच्या विम्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एका प्रकारात प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते आणि वरचा सगळा भार तुमच्यावर येतो. हा स्वस्त असतो आणि मुली-मुलगे घाईत बहुधा हाच विकत घेतात. तुमच्या मुलीला स्पष्ट लिहा की, हा प्रकार नको. दुसऱ्या प्रकारात आधी डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक खर्च, आपण सोसायचा. त्यानंतर काही रकमेपर्यंत कंपनी ८० टक्के आणि आपण २० टक्के, आणि त्यापुढे विमा रकमेच्या मर्यादेपर्यंत सगळे कंपनी देते, अशी साधारण रचना असते. या पॉलिसीला रुग्णालयांचे जाळे जोडलेले असेल तर त्या जाळ्यातले रुग्णालय ठरलेल्या दराने आणि परस्पर कंपनीकडे बिल पाठवते, आणि अनोळखी मुलखात ही फार मोठी सोय असते. भारतीय पॉलिसीची जमेची बाजू अशी की, तिचे भांडण आपल्याला आपल्या देशात भांडता येते, आणि काही पॉलिसींमध्ये जुन्या आजाराचे कलम बऱ्यापैकी उदार असते. पण ती भारत सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते.

माझे मत विचाराल तर दोघांनी एकच पॉलिसी घेण्याचा हट्ट धरू नका. जोडप्याची पॉलिसी सोयीची वाटते, पण तुमची गरज आणि काकूंची गरज वेगळी आहे. तुमच्यासाठी रुग्णालयांच्या जाळ्यासह दुसऱ्या प्रकारची, किमान १,००,००० डॉलरची तिकडची पॉलिसी मला योग्य वाटते. काकूंसाठी इकडच्या आणि तिकडच्या पॉलिसींतले फक्त जुन्या आजाराचे कलम शेजारी शेजारी ठेवून वाचा. ज्या पॉलिसीत हृदयविकाराला स्पष्ट शब्दांत अधिक रक्कम आहे ती घ्या, मग तिचा हप्ता थोडा जास्त असला तरी चालेल. त्यांच्या बाबतीत जाण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांकडून प्रवासाला हरकत नाही असे लेखी घेणेही आवश्यक समजा. हप्ता जड वाटत असेल तर विमा रक्कम कमी करण्याऐवजी डिडक्टिबल वाढवा. २५० किंवा ५०० डॉलरचे लहान दुखणे मुलगी-जावई सोसू शकतील. ५०,००० डॉलरचे मोठे दुखणे कोणाचेही घर मोडते.

विमा सहा महिन्यांसाठी एकदम घ्या. पैसे वाचतील म्हणून दोन-दोन महिन्यांचे तुकडे करून घेणारे लोक मला भेटतात. पहिल्या तुकड्यात जो आजार निघाला तो दुसऱ्या पॉलिसीत जुना आजार ठरू शकतो, आणि मग नेमका त्याच आजाराचा खर्च अंगावर येतो. ५ नोव्हेंबर ते ३० एप्रिल असे मोजले तर १७७ दिवस भरतात. अनेक भारतीय पॉलिसी सुरुवातीला १८० दिवसांपर्यंतच मिळतात, म्हणजे बाळाला थोडे बरे नाही म्हणून आठवडाभर मुक्काम वाढला तरी विमा संपलेला असेल. मुदतवाढ मिळते का आणि ती संपण्याच्या किती दिवस आधी मागावी लागते, हे आधीच विचारून ठेवा. तुम्हाला किती दिवस राहता येईल हे तर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत लिहिलेले असते. उतरल्यावर मुलीकडून ती तारीख इंटरनेटवर पाहून घ्या.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण आपल्या भागात इथेच घोळ होतो. आपण निपाणीत राहतो, साखर दाखवतो चिकोडीला, हृदय दाखवतो मिरजेला, डोळे कोल्हापूरला आणि एखादी मोठी तपासणी बेळगावला करतो. दोन राज्यांतल्या चार गावांत आपले कागद विखुरलेले असतात, आणि कोणत्याही एका डॉक्टरकडे पूर्ण चित्र नसते. मिरजेहून अँजिओप्लास्टीचे डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटचे कार्ड काढून घ्या; मूळ प्रत हरवली असेल तर रुग्णालयाच्या नोंदणी विभागात अर्ज करून दुसरी प्रत मागा, मात्र त्याला दिवस लागतात म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, टाईप केलेले, सही-शिक्क्याचे एक पान घ्या, ज्यात आजार, किती वर्षांपासून, शेवटचे साखरेचे आणि रक्तदाबाचे आकडे आणि चालू औषधे असतील. औषधांची नावे कंपनीच्या नावाने लिहू देऊ नका, मूळ घटकाच्या नावाने लिहून घ्या; आपल्या गोळ्यांची नावे तिथे कुणाला कळत नाहीत, आणि आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्यालाही तिथे असेटामिनोफेन म्हणतात.

पॉलिसीवरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. आपली आधार कार्डे कन्नड आणि इंग्रजीत, शाळेचे दाखले मराठीत, आणि प्रत्येक लिप्यंतरात आडनावाचे स्पेलिंग थोडे वेगळे, हे तुम्ही शिक्षक म्हणून माझ्यापेक्षा जास्त पाहिले असेल. जुन्या कागदांवर शहराचे इंग्रजी नावही १ नोव्हेंबर २०१४ पूर्वीचे, म्हणजे बेलगाम असेल आणि नव्या कागदांवर बेळगावी असेल. गावाच्या नावावरून सहसा अडत नाही. माणसाच्या नावावरून मात्र अडते.

तिथे पोचल्यावर पॉलिसी क्रमांक आणि कंपनीचा २४ तासांचा फोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा आणि तोच कागद तुमच्या व काकूंच्या खिशात ठेवा. मुलगी बाळंतपणासाठी स्वतः रुग्णालयात असेल आणि घरात तुम्ही दोघेच असाल, अशी वेळ येणार आहे. साधा ताप, खोकला, पाय मुरगळणे यांसाठी आपत्कालीन विभागात न जाता अर्जंट केअर म्हणून जी दवाखान्याची सोय असते तिथे जा. खर्चात फार फरक पडतो, आणि काही पॉलिसी दाखल न होता आपत्कालीन विभागात गेलेल्याला जास्तीचा भुर्दंड लावतात. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे असे काही झाले तर मात्र कोणताही विचार न करता ९११ हा तिथला आपत्कालीन क्रमांक लावा. दाखल झाल्यावर कंपनीला लगेच कळवा. बहुतेक ठिकाणी २४ ते ४८ तासांत कळवण्याची अट असते. बिल आले तर बाबवार तपशील मागायचा, आणि ते आवाक्याबाहेर असेल तर रुग्णालयाच्या आर्थिक साहाय्याच्या योजनेचा अर्ज मागायचा, हे मुलीला सांगा; तिथल्या ना-नफा रुग्णालयांना अशी योजना ठेवावीच लागते.

ज्या वाचकांची मुले दुसऱ्या देशांत आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्ये. जर्मनीसह शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, अल्प मुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा सक्तीचा आहे, आणि मुलांकडे दीर्घकाळ राहायला जाणाऱ्या आई-वडिलांसाठीच्या कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्ष चालणारा विमा लागतो. गुरुजी, तुमच्या अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची सक्ती नाही, आणि नेमकी म्हणूनच तिथे तो घ्यायचा राहून जातो.

भारतीय कंपनीने दावा अन्यायाने नाकारला तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची; महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. कर्नाटकातल्या रहिवाशांसाठी ते कार्यालय बेंगळुरूला आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथे देता येते. पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून घेतली असली तरी तुमच्या निपाणीच्या पत्त्यावरून बेंगळुरूलाच तक्रार करता येते.

राहिला इथला आरोग्य विमा. तो जानेवारीत संपतो आणि तुम्ही तेव्हा न्यू जर्सीत असाल. सहा महिने इथे नाही म्हणून हप्ता भरायचा नाही, असे अजिबात करू नका. तो खंडित झाला तर जुन्या आजारांचा खर्च मिळू लागण्याआधी जो प्रतीक्षाकाळ जावा लागतो आणि जो तुम्ही इतकी वर्षे हप्ते भरून पार केला, तो पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो, आणि या वयात नवी पॉलिसी मिळणेही कठीण जाते. शक्य असेल तर जाण्यापूर्वीच नूतनीकरण करून घ्या, नाहीतर बँकेला आपोआप हप्ता भरण्याची सूचना द्या आणि खात्यात तेवढे पैसे ठेवा. कंपनीकडे नोंदवलेला मोबाइल नंबर तिथे बंद राहणार असेल तर मुलीचा ई-मेल पत्ता आजच नोंदवा, कारण नूतनीकरणाची सूचना त्यावरच येईल.